केशवराव ढोके यांचा विजय

सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला फार दिवस घरात ठेवू नये. तो घर मोजायला लागतो. यशवंतराव खवसे यांनी आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, मग कोणत्या डब्यातली डाळ किती वेगाने उतरते याचा तक्ता करून तो फ्रिजवर चिकटवला. त्यांच्या पत्नी उषाताईंनी तो तक्ता दोन दिवस सहन केला आणि नंतर त्याला भज्यांचं तेल पुसलं.

"तुम्ही बाहेर काहीतरी मोजा ना जी," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं गाव पडलं आहे."

गाव काही एवढं मोठं नव्हतं. मध्य प्रदेशात सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना संत्र्याच्या बागा मागे पडतात आणि बस एकदम हळू होते, ते सावळीखेडा. बस हळू होते ती गावासाठी नाही, रस्त्यातल्या खड्ड्यासाठी. पण गावकरी तो आपला मान समजतात. सावळीखेड्याला नगर परिषद मिळाली तेव्हा कागदोपत्री गावाचं शहर झालं. फक्त गावातल्या डुकरांना अजून कोणी तसं कळवलेलं नाही.

या शहराच्या वार्ड नंबर सातमध्ये नवीन सामुदायिक भवन उभं राहिलं होतं. लोकार्पण जवळ आलं होतं आणि चहाच्या टपरीवर विशालभाऊंनी विषय काढला की भवनाची समोरची भिंत फार रिकामी दिसून राहिली, तिच्यावर काय लावावं.

विशालभाऊ म्हणजे वार्डाचे पार्षद, अर्थात नगरसेवक. म्हणजे, पार्षद त्यांची बायको अर्चनाताई. सीट महिलांसाठी राखीव होती. पण अर्चनाताईंनी फक्त निवडून यायचं आणि सही करायची. भाषण, उद्घाटन, लोकांच्या शिव्या आणि टपरीवरचा चहा हे सगळं विशालभाऊ घेत. गाव त्यांनाच 'पार्षदसाहेब' म्हणे आणि अर्चनाताईंना 'पार्षदसाहेबाची बायको.'

भिंतीवर घड्याळ लावावं असं कोणी म्हटलं. फोटो लावावा असं कोणी म्हटलं, पण कोणाचा, हे विचारल्यावर तो माणूस चहा तसाच टाकून कामाला निघून गेला. तेव्हा यशवंतराव घसा साफ करून बोलले, "वार्डात आजपर्यंत निवडून आले त्या सगळ्यांची नावं लावा. शाळेत मुख्याध्यापकांची असतात तशी. वार्डाचा निवडणुकीचा इतिहास."

इतिहास हा शब्द त्यांनी जरा जोरात उच्चारला. तो सगळ्यांना आवडला. "मंग तुम्हीच करा," विशालभाऊ म्हणाले, आणि टपरी लगेच दुसऱ्या विषयाकडे वळली.

यशवंतराव घरी आले ते छाती काढून. आयुष्यभर त्यांनी पशुगणना केली होती. या तहसिलीतली प्रत्येक म्हैस त्यांच्या हाताखालून गेली होती, पण एकाही म्हशीने त्यांना इतिहासकार म्हटलं नव्हतं. चार-पाच निवडणुका, मोजून चार-पाच नावं. एका दुपारचं काम, असा त्यांचा अंदाज होता. खात्यात असतानाही त्यांचे अंदाज असेच असत.

दुसऱ्याच सकाळी शेजारचे केशवराव ढोके फाटकाशी येऊन उभे राहिले. केशवराव संत्र्याच्या बागेचे मालक, मनाने उदार, आणि वार्ड सातमधून तीन वेळा उभे राहून तिन्ही वेळा पडलेले. पहिल्या वेळी त्यांना शिडी हे चिन्ह मिळालं होतं. ढोके शिडीवरून पडले, हा विनोद वार्डाने पुढची निवडणूक येईपर्यंत पुरवला होता.

"ऐकलं ते खरं हाय काय?" केशवरावांनी विचारलं. "फक्त जिंकणाऱ्याईचेच नावं लिहून राहिले म्हणे?"

"हो. इतिहास आहे ना."

"आन् हारणारा काय तवा कापूस वेचायले गेला होता? मी उभा नसतो राहिलो, तं ते जिंकले कोनाले हारवून असते? सांगा ना!"

यशवंतरावांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. जिंकणं हे अंकगणितात वजाबाकीसारखं असतं. खालचा आकडा नसला तर वरच्याला अर्थ नाही. त्यांनी फलकाला दुसरा रकाना मंजूर केला. केशवरावांनी त्यांचा हात दाबला, घरी जाऊन टोपलंभर संत्री पाठवली आणि त्या संत्र्यांबरोबर यशवंतरावांची निःपक्षपातीपणाची कारकीर्द संपली.

कारण बातमी पसरली. दुसऱ्या क्रमांकावरचे येणार, तर तिसऱ्या क्रमांकावरच्यांनी काय पाप केलं, असं एकाने विचारलं. एकाचे वडील निवडणुकीला उभे राहणार होते पण अर्जाच्या दिवशी बस चुकली. त्यांचं नाव निदान कंसात तरी यावं असा त्याचा आग्रह होता. एका घरात नवरा म्हणे ती निवडणूक पावसाळ्यात झाली, बायको म्हणे हिवाळ्यात, आणि दोघांनी यशवंतरावांना मधे बसवून तासभर एकमेकांच्या माहेर-सासरची स्मरणशक्ती काढली. शिवाय वार्ड सात हा नेहमी सात नव्हता. आधी तो चार होता. एक गल्ली मधल्या काळात सहा नंबरात गेली होती आणि नंतरच्या परिसीमनात, वार्डांच्या हद्दी नव्याने आखल्या तेव्हा, परत आली. गेली तेव्हा कोणी रडलं नाही, आली तेव्हा कोणी ओवाळलं नाही, पण तिच्यातले लोक आता म्हणून राहिले होते की आमचा इतिहास वेगळा लिहा.

जनावरं बरी, यशवंतरावांना वाटलं. एकदा मोजली की शेपटी हलवून मोकळी होतात.

अधिकृत कागद मिळाला की सगळ्यांची तोंडं बंद, म्हणून ते कचेऱ्यांच्या वाटेला लागले. गावातल्या बाबूने सांगितलं, जुनं रेकॉर्ड तहसिलीत. तहसिलीतल्या बाबूने सांगितलं, ते केव्हाच जिल्ह्याला गेलं. यशवंतराव बसने घाट ओलांडून जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत पोचले. तिथल्या बाबूने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मोठ्या आपुलकीने सांगितलं की तुम्हाला तर आता स्वतःचा जिल्हा मिळाला, तुमचे सगळे गठ्ठे तिकडे रवाना केले, अभिनंदन. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत गठ्ठे खरंच आलेले होते. लाल फडक्यात बांधलेले, भिंतीला टेकलेले, अगदी डोळ्यांना दिसत होते.

"उघडा ना मग," यशवंतराव म्हणाले.

"उघडायचा आदेश नाही आला," बाबू म्हणाला. "ठेवायचा आला आहे."

खात्यात असताना हेच वाक्य यशवंतरावांनी स्वतः लोकांना किती वेळा ऐकवलं होतं! त्या दिवशी ते पहिल्यांदा काउंटरच्या या बाजूने ऐकलं आणि ते किती उत्तम वाक्य आहे हे त्यांना पटलं. त्याला उत्तरच नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं की हयात असलेल्या विजयी आणि पराजित मंडळींना भेटून एकमेकांसमोर वदवून घ्यायचं. या फेरीत फक्त एकाच ठिकाणी त्यांना कोणी सल्ला दिला नाही. ते अंबाबाई सोमकुंवर यांचं घर.

विहाराच्या मागच्या गल्लीत अंबाबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचलेली ही बाई. कोणे एके काळी, सीट राखीव नसताना, खुल्या वार्डातून त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून निवडून आल्या. मागे पडलेल्यांत पहिले होते केशवराव ढोके. ती त्यांची शिडीची निवडणूक.

"किती मतांनी जिंकल्या होत्या, अंबाबाई?"

"मतं मोजली सरकारनं. मी जिंकली, एवढं मले ठाऊक हाय." त्यांनी सूप थांबवलं. "सगळे म्हणत, बाई खुर्चीवर बसंन कशी? मी म्हटलं, खुर्चीचं मी पाहून घेतो, तुम्ही पहिले मतं तं द्या."

यशवंतराव हसले. अंबाबाई हसल्या नाहीत.

"नाव नीट लिहाल, साहेब. मांगं त्या सत्काराच्या पत्रिकेत 'अंबाबाई व इतर' छापलं होतं. इतर लोकाईले राग आला, आन् मलेही."

"तुमचं नाव सगळ्यात ठळक," यशवंतरावांनी वचन दिलं. वचन देताना त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. हा हात आजकाल तिथे वारंवार जात होता, आणि त्याला कारण होतं.

घरोघरी जाऊन जो माणूस कोणाला किती मतं पडली, कोण कोणाच्या बाजूने होतं असं विचारतो, तो उभा राहणार आहे, हे सावळीखेड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. यशवंतरावांनी नाही म्हटलं. नाही म्हटल्यावर तर लोकांची खात्रीच पटली. रस्त्यात नमस्कार वाढले. टपरीवाल्याने त्यांच्या चहात आलं टाकायला सुरुवात केली. "तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसाची गरज हाय," असं एक जण म्हणाला आणि यशवंतराव रात्रभर ते वाक्य पांघरून झोपले. सकाळी त्यांनी सौंसरच्या टेलरकडे जाऊन बदामी रंगाचं जाकीट शिवायला टाकलं.

"कायले पाहिजे जाकीट?" उषाताईंनी विचारलं.

"लोकार्पणाला मला दोन शब्द बोलावे लागतील."

"दोन शब्दाले एवढा कपडा लागते काय?" उषाताई म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

त्या दोन शब्दांनीच घात केला. भाषण चार पानांवर गेलं होतं आणि ते आरशासमोर पाठ करण्याच्या नादात फलकाकडे यशवंतरावांचं लक्ष राहिलं नाही. नावांचे दोन रकाने त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून गुलाब पेंटरला दिले होते: डावीकडे जिंकलेले, उजवीकडे हरलेले. वरची शीर्षकं मात्र कोरी होती, कारण 'पराजित' या शब्दाला केशवरावांचा विरोध होता. त्यांना 'निकटचे प्रतिस्पर्धी' पाहिजे होतं. ते फलकावर मावत नव्हतं. शेवटच्या दिवशी केशवराव उदार झाले आणि म्हणाले लिहा पराजित, नशिबाले कोण रोकते.

यशवंतराव जाकिटाची बटणं लावून पाहत होते, तसेच भवनात गेले. गुलाब पेंटर फलकाकडे पाठ करून बिडी ओढत उभा होता. यशवंतरावांनी दारातूनच सांगितलं, "डाव्या हाताला विजयी, उजव्या हाताला पराजित!"

"हाव जी," गुलाब म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

मग यशवंतरावांनी आणखी एक शहाणपणा केला. लोकार्पणाआधी फलक कोणालाच दिसू नये, मतदान जसं गुप्त असतं तसं हे गुप्त राहिलं पाहिजे, असा फतवा काढून त्यांनी गुलाबला सांगून ठेवलं की रंग वाळला की झाकून टाक. झाकायला उषाताईंची जुनी हिरवी साडी दिली. ती पडायच्या आधी स्वतः येऊन एकदा फलकावर नजर टाकावी, हे त्यांना सुचलं नाही. भाषणाच्या तिसऱ्या पानावर एक अवघड शब्द होता.

लोकार्पणाला वार्ड लोटला. जिल्ह्याहून एक मोठे साहेब आले होते. पहिल्या रांगेत अर्चनाताई आणि विशालभाऊ, त्यांच्या बाजूला पांढरं लुगडं आणि दोरी बांधलेला चष्मा घालून अंबाबाई, मागे कडक इस्त्रीत केशवराव. यशवंतरावांनी चारही पानं बोलून दाखवली. लोकशाहीत जय-पराजय ही एकाच नाण्याची दोन बाजू, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मग साहेबांनी साडी ओढली.

फलक सुंदर होता. अक्षर असं वळणदार की पाहत राहावं. साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "विजयी. केशवराव ढोके." थोडं थांबून ते खाली गेले. "केशवराव ढोके." आणखी खाली. "केशवराव ढोके! अरे वा. तीन वेळा! कोण आहेत केशवरावजी? या ना, पुढे या!"

सभागृहात सुई पडली असती तरी तिने माफी मागितली असती. डावीकडे 'पराजित' या ठसठशीत अक्षरांखाली पहिलं नाव होतं अंबाबाई सोमकुंवर, शेवटचं अर्चनाताईंचं. यशवंतरावांनी वचन दिल्याप्रमाणे अंबाबाईंचं नाव सगळ्यात ठळक होतं.

केशवरावांना साहेबांनी हार घातला. खरं म्हणजे त्या वेळी त्यांनी बोलायला पाहिजे होतं. पण तीन वेळा पडलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडला की त्याचा गळा थोडा वेळ चालत नाही. त्यांचे डोळे भरून आले. मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या, त्या पडल्या म्हणून पुढच्या रांगेतूनही पडल्या.

विशालभाऊ माइककडे धावले. "एक छोटीशी चूक झाली आहे, आम्ही हारलो नाही, आम्ही..."

अर्चनाताई उठल्या. सभेत त्यांचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या हातातून माइक घेतला. "आम्ही नाही. मी. मी जिंकली आहे, मी हारली नाही." माइकमधून शिट्टी निघाली. "आन् साहेब, सहीही मीच करतो."

विशालभाऊ खाली बसले. साहेबांना उशीर होऊ लागला. अंबाबाई उठल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून फलक एकदा वाचला आणि निघून गेल्या. यशवंतरावांना कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. चार पानांचं भाषण कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. जाकिटाकडेही कोणी पाहिलं नाही.

"अक्षराकडे पाह्यतो जी मी," गुलाब पेंटर नंतर म्हणाला. "अर्थाकडे पाह्यलं तं अक्षर बिघडते."

शीर्षकं बदलायला तो तयार होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव यशवंतरावांकडे आले. गळ्यातला हार त्यांनी काढला होता आणि फोटोत जपला होता. तो फोटो पुण्याच्या मुलाला पाठवला होता, मुलाने 'बाबा, अभिनंदन' असं लिहून पाठवलं होतं.

"थोडे दिस राहू द्या ना, यशवंतराव," ते म्हणाले. "कोनाचं काय जाऊन राहिलं?"

यशवंतरावांना त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी आधी आपल्या मूर्खपणाचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं, मग मान हलवली. ना हो, ना नाही, अशी. खात्यातली सवय.

संध्याकाळी ते अंबाबाईंकडे गेले. जाकीट घरी ठेवून गेले. ओट्याखाली उभे राहिले. "माझीच चूक आहे. माझा डावा हात आणि त्याचा डावा हात वेगळा पडला. आणि मी आधी जाऊन पाहिलंही नाही."

"बसा," अंबाबाई म्हणाल्या. "मी निवडून आली ना, तवा माह्या सासूनं घरात गूळ वाटला. तिले वाटलं होतं मी हारीन. गूळ मातर आधीच आणून ठेवला होता." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुम्ही मले त्या दिवशी परत हारवली, साहेब. तेही माइक लावून."

"उद्याच बदलतो. केशवरावांना मी सांगतो."

"नका सांगू. तो सांगंन."

"तो कसा सांगेल? तो तर फोटो मढवून राहिला."

"केशवभाऊले जिंकायची लई हौस," अंबाबाई म्हणाल्या. "जिंकू द्या. पण मंग जिंकनाऱ्याचं कामही त्यालेच करू द्या ना."

याचा अर्थ यशवंतरावांना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळला. केशवरावांच्या फाटकाशी अंबाबाई उभ्या होत्या, गल्लीतल्या बायका घेऊन.

"पार्षदसाहेब," त्यांनी हाक मारली, "आमची नाली तुंबली हाय. पानी घरात येऊन राहिलं."

केशवराव आधी खूष झाले. पार्षदसाहेब! त्यांनी अंगणात खुर्ची मांडली, बायकांना बसवलं, नगर परिषदेत फोन लावला, मोठ्या आवाजात बोलले. बायका गेल्या, तर पुढचे हजर. कोणाच्या दारापुढचा दिवा बंद, कोणाचं रेशनकार्ड अडकलं, कोणाला जातीचा दाखला पाहिजे. अंबाबाईंनी सुरुवात केली होती. पुढचं काम वार्डाच्या विनोदबुद्धीने केलं, आणि विनोदबुद्धी संपली तिथून खऱ्या अडचणींनी. एक म्हातारा तर म्हणाला, "तुम्ही तीन खेपा जिंकले म्हणे. मंग आमच्या गल्लीत रोड काहून नाही केला? पंधरा वरस करत काय होते?"

"मी जिंकलो नव्हतो ना बापा!"

"भिंतीवर लिहून हाय ना."

केशवराव जेवायला बसले की फाटक वाजे. झोपले की खिडकीतून हाक येई. एका घरातल्या सासू-सून दोघी भांडत आल्या आणि निवाडा करा म्हणाल्या. बागेत गेले तर झाडामागून एक जण निघाला, त्याच्या हातात पाण्याची बाटली होती आणि त्याला ते पाणी केशवरावांनी पिऊन दाखवायला पाहिजे होतं, कारण नळाला असंच पिवळं येत होतं. केशवराव ते प्याले. तीन वेळा निवडून आलेला माणूस नाही कसं म्हणेल?

उषाताई कुंपणावरून हे सगळं पाहत. "त्याईचा चेहरा उतरून राहिला जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही उभे राहणार होते ना? जा, पाहून या एकदा."

यशवंतराव पाहून आले. आल्यावर त्यांनी जाकीट खुंटीवरून काढलं, पेपरात गुंडाळलं आणि लग्नसराईपर्यंत कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं.

आणि एके सकाळी, फुलं तोडायच्या वेळेला, केशवराव आले. दाढी वाढलेली. हातात रंगाचा डबा आणि दोन ब्रश.

"यशवंतराव," ते म्हणाले, "मले पाडा."

"काय?"

"मले पाडून टाका ना भाऊ. हात जोडतो. तीन खेपा पडलो होतो, पन पडल्यावर झोप तं लागत होती! हे जिंकनं माह्यानं नाही होत."

"मुलाला काय सांगाल?"

केशवरावांनी रंगाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "सांगीन, मतगणना दुबार झाली."

गुलाब पेंटर मोहगावला एका दुकानाच्या पाटीवर गेला होता, तो कधी येईल सांगता येत नव्हतं आणि केशवरावांना दुपारपर्यंतही थांबायचं नव्हतं. दोघे म्हातारे भवनात गेले. केशवरावांनी स्टूल धरलं, यशवंतराव वर चढले. शीर्षकं तेवढी खोडून उलटी लिहायची होती. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे 'विजयी'तल्या दीर्घ ईकाराची वेलांटी थेट छताकडे निघाली. आयुष्यभर ज्यांचं सुवाच्य अक्षर खात्यात नावाजलं गेलं, त्यांनी 'पराजित' लिहिताना अशी ऐसपैस सुरुवात केली की शब्द शेवटी भिंतीवरच मावेना. 'त' खाली उतरवून आणावा लागला. शर्टावर रंग सांडला. कानावर सांडला.

दारात चपला वाजल्या. अंबाबाई येऊन पायरीवर टेकल्या होत्या.

"सरळ येऊ द्या अक्षर," त्या म्हणाल्या.

"येत नाही, अंबाबाई," यशवंतराव वरून म्हणाले. "जनावरं मोजणारा माणूस आहे मी."

"असू द्या. वाचता येते."

यशवंतराव खाली उतरले. तिघेही फलकाकडे पाहत राहिले. गुलाबच्या वळणदार नावांवर ती दोन वाकडी शीर्षकं अशी बसली होती की जणू नव्या घरावर कोणी जुनं पत्र्याचं छप्पर आणून टाकावं. केशवरावांनी उजव्या रकान्यातलं आपलं नाव वाचलं, खालचं वाचलं, त्याखालचंही वाचलं आणि एक लांब श्वास सोडला.

"अंबाबाई," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले, "त्या वेळी शिडी नसती ना, तं मी तुम्हाले पाडलं असतं."

"विमान असतं तरी नसतं पाडलं, केशवभाऊ."

केशवराव हसायला लागले. खूप दिवसांनी हसत होते म्हणून त्यांना खोकला आला. तेवढ्यात एक बाई लगबगीने दारात आली. हातात रिकामी कळशी. "ढोकेभाऊ इथंच हायेत काय? आमच्या नळाले काल्पासून थेंब नाही, पार्षदसाहेब, तुम्ही चाला बरं जरा..."

केशवराव ताठ उभे राहिले. दोन्ही हात जोडले आणि मग ओल्या रंगाकडे बोट दाखवलं.

"मी हारलेला मानूस हाओ बाई. तीन खेपा. वाचून घ्या."

बाईने वाचलं. गोंधळून आधी यशवंतरावांच्या रंगलेल्या कानाकडे पाहिलं, मग कळशीकडे, मग पायरीकडे. अंबाबाईंनी चष्म्याची दोरी मानेमागे नीट केली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चपलेत पाय घातले.

"चाल," त्या म्हणाल्या. "कोनता नळ, दाखव मले."